एपिडॉरसचा उन्हाळी नाट्योत्सव : अभिजाततेचा वार्षिक अनुवाद

१

ग्रीसच्या पेलोपनीज द्वीपकल्पातील आर्गोलिस प्रांतात, एपिडॉरस येथे, अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचे प्राचीन क्षेत्र आहे. या क्षेत्रातील दगडी नाट्यगृहात १९५५ पासून उन्हाळ्यात प्राचीन ग्रीक नाटकांचा उत्सव भरत आला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, मुख्यतः शुक्रवार-शनिवारी, अंधार पडल्यावर प्रयोग सुरू होतो. अथेन्सहून दोन तासांहून अधिक प्रवास करून आलेले प्रेक्षक उघड्या आकाशाखाली दगडी पायऱ्यांवर बसतात आणि सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिली गेलेली शोकांतिका किंवा सुखात्मिका पाहतात. 'अभिजात रंगभूमी' या शब्दांनी जे चित्र मनात उभे राहते, त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण, असे प्रथमदर्शनी वाटते.

प्रस्तुत निबंधात या प्रथमदर्शनाचीच तपासणी करावयाची आहे. एपिडॉरसच्या रंगस्थळी जे घडते त्याला सामान्यतः 'पुनरुज्जीवन' म्हटले जाते. पुनरुज्जीवन म्हणजे जे एकदा होते ते पुन्हा जिवंत करणे. परंतु या उत्सवाचा इतिहास बारकाईने पाहिला, तर येथे जे घडते त्याला 'अनुवाद' ही संज्ञा अधिक योग्य ठरते. संहितेचा अनुवाद तर येथे होतोच. शिवाय स्थळाचा, काळाचा, वृंदाचा आणि प्रेक्षकाचाही होतो. प्रत्येक अनुवादाबरोबर उद्भवणारा प्रश्न येथेही टळत नाही : अनुवाद करण्याचा अधिकार कोणाचा? उत्सवाचा इतिहास हा बव्हंशी या अधिकाराच्या विस्ताराचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला, आणि विशेषतः संस्कृतचा वारसा सांगणाऱ्या आधुनिक भारतीय भाषांमध्ये काम करणाऱ्याला, या इतिहासातून स्वतःच्या परिस्थितीकडे पाहण्याची एक दृष्टी मिळू शकते.

२

प्रथम स्थळाचा विचार करू. एपिडॉरसचे नाट्यगृह इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पाउसानिअस याने त्याच्या प्रमाणबद्धतेची व सौंदर्याची मुक्तकंठाने स्तुती केली असून ते पॉलिक्लीटस या शिल्पज्ञाने रचले असे नोंदविले आहे. टेकडीच्या उतारावर पंख्याच्या आकारात पसरलेल्या आसनांच्या पंचावन्न रांगा आहेत. खालच्या भागात चौतीस आणि वरच्या भागात एकवीस. वरचा भाग नंतरच्या काळात जोडला गेला, असे अनेक विद्वानांचे मत आहे. मध्यभागी सुमारे वीस मीटर व्यासाची वर्तुळाकार भूमी आहे. तिला 'ऑर्केस्ट्रा' म्हणत, आणि या शब्दाचा मूळ अर्थ 'नृत्याची जागा' असा आहे. बारा हजारांहून अधिक प्रेक्षक सामावून घेणारी ही वास्तू शतकानुशतके मातीखाली होती. पानागिस कावादिआस या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली १८८१ मध्ये तिचे उत्खनन सुरू झाले. १९८८ मध्ये या क्षेत्राचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

या तपशिलांतून एक विसंगती लगेच ध्यानात येते. एस्किलस इसवी सनपूर्व ४५६ च्या सुमारास निवर्तला. सोफोक्लीज आणि युरिपिडीज हे दोघेही इसवी सनपूर्व ४०६ च्या आसपास. म्हणजे ज्यांची नाटके येथे मुख्यत्वेकरून सादर होतात त्या तिन्ही शोकांतिकाकारांपैकी एकानेही हे नाट्यगृह पाहिलेले नव्हते. त्यांची नाटके अथेन्समध्ये, डायोनिसस या देवतेच्या वसंतोत्सवात, स्पर्धेसाठी, दिवसाउजेडी आणि मुखवटे घालून सादर होत. सर्व भूमिका पुरुषच करीत. एपिडॉरसचा आधुनिक उत्सव वसंतातला नसून उन्हाळ्यातला आहे, दिवसाचा नसून रात्रीचा आहे, विजेच्या प्रकाशातला आहे आणि स्पर्धेचा नाही. देवताही वेगळी आहे. अथेन्समधील नाट्यदेवतेच्या जागी येथे रोग बरे करणारा देव आहे.

याचा अर्थ एपिडॉरसला प्रयोगपरंपराच नव्हती असा नाही. अस्क्लेपिअसच्या उत्सवात काव्यगायनाच्या स्पर्धा होत असत. प्लेटोच्या 'आयॉन' या संवादाच्या प्रारंभीच आयॉन हा काव्यगायक एपिडॉरसची स्पर्धा जिंकून परतलेला दिसतो. पण अथेन्सच्या पाचव्या शतकातील संहिता, चौथ्या शतकातील एपिडॉरसची वास्तू आणि विसाव्या शतकातील उन्हाळी रात्र या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम आधुनिक काळानेच केले. आज ज्याला आपण 'मूळ स्थळी झालेला मूळ नाटकाचा प्रयोग' समजतो तो वस्तुतः तीन भिन्न काळांचा संयोग होय. हा संयोग कृत्रिम आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. अनुवादही या अर्थाने कृत्रिमच असतो. प्रश्न आहे तो हा संयोग कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवून आणला, हा.

३

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एपिडॉरसच्या अगोदरच्या दोन घटनांकडे वळावे लागते. पहिली घटना १९०३ सालची आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अथेन्सच्या राजेशाही नाट्यगृहात एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीचा प्रयोग झाला. अनुवाद गेओर्गिओस सोतिरिआदिस यांचा होता आणि तो बोलीभाषेकडे झुकणाऱ्या आधुनिक ग्रीकमध्ये होता. त्या काळी ग्रीसमध्ये भाषेचा प्रश्न अतिशय तीव्र झाला होता. एका बाजूस प्राचीन रूपांच्या आधारे 'शुद्ध' केलेली 'कथारेव्हुसा' ही लेखनभाषा होती. दुसऱ्या बाजूस लोकांच्या तोंडची 'दिमोतिकी' होती. प्राध्यापक गेओर्गिओस मिस्त्रिओतिस यांचा आग्रह तर प्राचीन नाटके मूळ प्राचीन ग्रीकमध्येच सादर व्हावीत असा होता. 'ओरेस्टिया'च्या अनुवादाविरुद्ध त्यांच्या विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, त्यांचे पर्यवसान दंगलीत झाले आणि मनुष्यहानी झाली. ग्रीक इतिहासात ही घटना 'ओरेस्टिआका' या नावाने ओळखली जाते. एका नाट्यानुवादासाठी रस्त्यावर रक्त सांडल्याची उदाहरणे जागतिक रंगभूमीच्या इतिहासात विरळच.

दुसरी घटना डेल्फीची. कवी आंगेलोस सिकेलिआनोस आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी इव्हा पामर यांनी १९२७ आणि १९३० मध्ये डेल्फीच्या प्राचीन नाट्यगृहात उत्सव भरविले. १९२७ च्या उत्सवात 'बद्ध प्रॉमिथ्यूस' हे नाटक इओआनिस ग्रिपारिस या कवीच्या दिमोतिकी अनुवादात सादर झाले. वृंदाच्या हालचालींसाठी इव्हा पामर यांनी प्राचीन कलशांवरील चित्रांचा आधार घेतला आणि वस्त्रे स्वतः हातमागावर विणली. संगीत मात्र बायझंटाइन चर्चपरंपरेतील होते. म्हणजे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक ग्रीक परंपरा या अखंड आहेत, अशी एक भूमिका या प्रयोगातून मांडली जात होती. भाषेत जे अंतर पडले होते ते संगीत, वस्त्र आणि स्थळ यांनी भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. डेल्फीचा उपक्रम पैशाअभावी थांबला. परंतु प्राचीन दगडी नाट्यगृहात आधुनिक भाषेत प्राचीन नाटक करता येते, हे त्याने सिद्ध केले.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९३८ मध्ये राष्ट्रीय रंगभूमीने एपिडॉरसच्या नाट्यगृहात सोफोक्लीजचे 'इलेक्ट्रा' सादर केले. आधुनिक काळातील तेथील हा पहिला नाट्यप्रयोग. दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस होते आणि इलेक्ट्राच्या भूमिकेत कातिना पाक्सिनू होत्या. पुढे महायुद्ध, जर्मन अंमल आणि यादवी युद्ध यांमुळे हा धागा तुटला. १९५४ मध्ये रोंदिरिस यांनीच 'हिप्पोलिटस'चा प्रयोग करून तो पुन्हा जोडला आणि १९५५ च्या उन्हाळ्यात अलेक्सिस मिनोतिस यांनी दिग्दर्शित केलेल्या युरिपिडीजच्या 'हेकुबा'ने अधिकृत उत्सवाचा प्रारंभ झाला.

४

१९५५ ते १९७५ ही वीस वर्षे राष्ट्रीय रंगभूमीच्या एकाधिकाराची होत. या काळात प्राचीन नाटके सादर करण्याची संधी एपिडॉरसच्या रंगस्थळी दुसऱ्या कोणत्याही नाट्यसंस्थेला मिळाली नाही. यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राष्ट्राला ऐक्याचे एक प्रतीक हवे होते, आणि परदेशी पर्यटकही हवे होते. उत्सवाने दोन्ही गरजा भागविल्या.

या वीस वर्षांत एक विशिष्ट शैली घडली. रोंदिरिस यांच्यावर माक्स राइनहार्ट यांच्या जर्मन रंगभूमीचा प्रभाव होता. एका स्वरात, काटेकोर लयीत बोलणारा वृंद हे त्यांचे वैशिष्ट्य. मिनोतिस यांच्या प्रयोगांत नटाची भव्य देहबोली आणि संथ, भारदस्त उच्चारण यांना प्राधान्य होते. ग्रिपारिस यांचे काव्यमय अनुवाद या शैलीचा आधार बनले. जे १९०३ मध्ये बंडखोरीचे वाटले होते, ते दिमोतिकी भाषेतील अनुवाद आता राष्ट्रीय संस्थेच्या अधिकृत स्वरात बोलू लागले. अनुवादाच्या इतिहासात हे वारंवार घडते. एका पिढीचा धाडसी अनुवाद पुढच्या पिढीला मूळ संहितेइतकाच अलंघ्य वाटू लागतो.

या अधिकृत शैलीच्या बाहेर काय चालले होते, हे कारोलोस कून यांच्या उदाहरणावरून दिसते. कून यांचा जन्म आशिया मायनरमधील बुर्सा येथे १९०८ मध्ये झाला. १९४२ मध्ये, जर्मन अमलाखालील अथेन्समध्ये, त्यांनी 'थेआत्रो तेखनिस' म्हणजे 'कला रंगभूमी' ही संस्था स्थापन केली. ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांनी अथेन्समधील हेरोडिस ॲटिकसच्या प्राचीन नाट्यगृहात ॲरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' या सुखात्मिकेचा प्रयोग केला. अनुवाद वासिलिस रोतास यांचा, संगीत मानोस हाजिदाकिस यांचे आणि नेपथ्य यानिस त्सारुखिस यांचे होते. नाटकातील यज्ञाच्या प्रसंगी पुरोहिताचे मंत्रपठण ऑर्थोडॉक्स चर्चमधील गायनाच्या ढंगात केले गेले. पहिल्याच प्रयोगानंतर मंत्र्याच्या आदेशाने पुढील प्रयोग रद्द झाले.

या बंदीचा नेमका विषय ध्यानात घेतला पाहिजे. इसवी सनपूर्व ४१४ मध्ये ॲरिस्टोफेनीसने आपल्या काळच्या पुरोहितांची थट्टा केली होती. कून यांनी त्या थट्टेचे लक्ष्य आपल्या काळात आणले. देवता व विधी प्राचीनच ठेवले असते, तर कोणाचीही हरकत नव्हती. कारण ज्या धर्माचे उपासक उरले नाहीत त्याची थट्टा कोणालाच बोचत नाही. पण मग ती थट्टाही उरली नसती. शब्दाशी निष्ठा आणि परिणामाशी निष्ठा या दोहोंतील हे जुने द्वंद्व अनुवादमीमांसेला परिचित आहे. सुखात्मिकेच्या बाबतीत ते अधिकच तीव्र होते, कारण हशा हा तात्कालिक असतो. पुढे १९६२ मध्ये हाच प्रयोग पॅरिसमधील जागतिक रंगभूमीच्या महोत्सवात गौरविला गेला. १९६७ ते १९७४ या काळातील लष्करी राजवट कोसळल्यानंतर, १९७५ मध्ये, कून यांची संस्था 'पक्षी' घेऊन एपिडॉरसला आली आणि राष्ट्रीय रंगभूमीचा एकाधिकार संपला. राजकीय स्वातंत्र्य आणि अनुवादाचे स्वातंत्र्य यांचा संबंध इतक्या थेटपणे क्वचितच दिसतो.

१९७६ मध्ये दिमोतिकी ही शिक्षणाची आणि शासनव्यवहाराची भाषा झाली. १९८० मध्ये सायप्रसच्या नाट्यसंस्थेने युरिपिडीजचे 'याचक स्त्रिया' एपिडॉरसला आणले. युद्धात पडलेल्या पुत्रांचे देह परत मिळावेत म्हणून मातांनी केलेली याचना हा या नाटकाचा विषय आहे. १९७४ च्या तुर्की आक्रमणात बेपत्ता झालेल्या माणसांची प्रतीक्षा करणाऱ्या सायप्रसच्या स्त्रियांना त्या याचनेसाठी वेगळ्या भाष्याची आवश्यकता नव्हती.

५

यानंतरचा टप्पा परभाषांचा. १९८२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली 'ओरेस्टिया' एपिडॉरसला सादर केले. टोनी हॅरिसन यांचा अनुवाद अनुप्रासप्रधान इंग्रजी पद्यात होता; अँग्लो-सॅक्सन काव्याची आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीची धाटणी त्यात होती. सर्व नट पुरुष होते आणि सर्वांनी मुखवटे धारण केले होते. ग्रीक प्रेक्षकांनी प्राचीन नाट्यगृहात परकीय भाषेतील शोकांतिका ऐकली, परंतु मुखवटा आणि पुरुषवृंद या प्राचीन संकेतांच्या बाबतीत हा प्रयोग अनेक ग्रीक प्रयोगांपेक्षा मुळाच्या अधिक जवळ होता. भाषेने दूर आणि संकेतांनी जवळ, अशी ही स्थिती. 'मूळ' नावाची वस्तू एकसंध नसते, तिच्या एका अंगाशी जवळीक साधताना दुसऱ्या अंगापासून दूर जावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

१९९४ मध्ये पीटर स्टाइन यांनी रशियन नटांसह केलेले 'ओरेस्टिया' येथे आले. २००६ ते २०१५ या काळात योर्गोस लुकोस हे उत्सवाचे कलासंचालक असताना आणखी एक सीमा ओलांडली गेली. २००७ मध्ये सॅम्युएल बेकेटचे 'हॅपी डेज', २००९ मध्ये रासिनचे 'फेद्र' आणि २०११ मध्ये शेक्सपिअरचे 'तिसरा रिचर्ड' हे प्रयोग प्राचीन नाट्यगृहात झाले. यांपैकी 'फेद्र'चे उदाहरण तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटावे. युरिपिडीजच्या 'हिप्पोलिटस'वरून सतराव्या शतकात रासिनने फ्रेंचमध्ये रचलेले नाटक, विसाव्या शतकात टेड ह्यूज यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर आणि ग्रीक प्रेक्षक असा हा प्रवास होता. १९५४ मध्ये ज्या रंगस्थळी 'हिप्पोलिटस' झाले, तेथेच पंचावन्न वर्षांनी ती कथा दोन भाषा ओलांडून परत आली. ही परत आलेली कथा ग्रीक म्हणावयाची की नाही, हा प्रश्न या उत्सवाने आपल्या प्रेक्षकांपुढे ठेवला.

हा प्रश्न सर्वांनी शांतपणे स्वीकारला असे नाही. २००८ मध्ये आनातोली वासिलिएव्ह या रशियन दिग्दर्शकाने केलेल्या 'मेडिआ'च्या प्रयोगात प्रेक्षकांपैकी अनेकांनी मोठ्याने निषेध नोंदविला. असे प्रसंग एपिडॉरसला पूर्वीही घडले होते. ग्रीक वृत्तपत्रांतून अशा वेळी 'पवित्र स्थळाचा अवमान' ही भाषा हमखास येते. येथे एक भेद करणे आवश्यक आहे. प्रेक्षकाला प्रयोग न आवडणे हा रसिकतेचा प्रश्न. परंतु प्रयोग करणाऱ्याला तसे करण्याचा अधिकारच नव्हता असे म्हणणे हा मालकीचा प्रश्न. १९०३ ची दंगल, १९५९ ची बंदी आणि २००८ चा आरडाओरडा यांची तीव्रता उत्तरोत्तर कमी होत गेली आहे. प्रश्न मात्र तोच आहे.

६

एपिडॉरसच्या ग्रीक प्रयोगांचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. रोमन याकबसन यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात अनुवादाचे तीन प्रकार केले : भाषांतर्गत, आंतरभाषिक आणि आंतरचिन्हीय. प्राचीन ग्रीकमधून आधुनिक ग्रीकमध्ये होणारा अनुवाद हा यांपैकी कोणता? लिपी तीच, हजारो शब्द तेच आणि भाषेचे नावही तेच. तरीही शालेय शिक्षणापलीकडे प्राचीन ग्रीकचा अभ्यास न केलेल्या प्रेक्षकाला मूळ संहिता ऐकून कळत नाही. पहिल्या दोन प्रकारांच्या सीमेवर असलेल्या या अनुवादाची अडचण अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दांनीच अधिक होते.

दोन उदाहरणे पुरेत. प्राचीन ग्रीकमध्ये नटाला 'हिपोक्रितीस' म्हणत. आधुनिक ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ 'ढोंगी' असा आहे आणि नटासाठी 'इथोपिओस', म्हणजे स्वभाव घडविणारा, हा शब्द रूढ आहे. दुसरे उदाहरण खुद्द शोकांतिकेच्या नावाचे. 'त्रागोदिआ' या शब्दापासूनच आधुनिक ग्रीकमधील 'त्रागुदी' हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ केवळ 'गाणे' असा आहे. अनुवादकापुढे प्रत्येक ओळीत असा एखादा नातेवाईक शब्द उभा असतो. त्याला ठेवावे तर अर्थ बदलतो. टाकावे तर नाते तुटते.

मराठीला ही अडचण नवी नाही. संस्कृतातील 'राग' शब्दात रंग आणि अनुराग आहे. मराठीत राग म्हणजे क्रोध. संस्कृतातील 'शिक्षा' हे शिकणे आहे. मराठीतील शिक्षा हा दंड. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा कालिदासाच्या श्लोकांना मराठी पदांचे रूप देताना त्यांना अशाच निकटच्या परकेपणाला तोंड द्यावे लागले. त्यांनी काढलेला मार्ग संगीताचा होता. कीर्तन, लावणी, साकी-दिंडी आणि शास्त्रीय रागदारी यांच्या आधाराने त्यांनी मूळ काव्य मराठी कानांपर्यंत पोहोचविले. डेल्फीच्या प्रयोगातील बायझंटाइन संगीत आणि किर्लोस्करांची पदे यांमागील प्रेरणा भिन्न असली, तरी शब्दांनी दुभंगलेले नाते सुरांनी सांधण्याची युक्ती दोन्हीकडे दिसते. याउलट, पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजचे नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले तेव्हा निकटच्या परकेपणाचा प्रश्न उद्भवला नाही, कारण तेथे अंतर प्रारंभापासून उघड होते.

भारतातील आणखी एका परंपरेचा उल्लेख येथे अटळ आहे. केरळमधील कूडियाट्टम् या संस्कृत नाट्यप्रकारात विदूषक संस्कृत श्लोकांचे विवरण रंगमंचावरच मलयाळममध्ये करतो. संहिता बदलत नाही. तिचा अनुवाद प्रयोगाच्या आतच, एका पात्राच्या तोंडून, प्रेक्षकांसमक्ष घडतो. मूळ आणि अनुवाद एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यांतील अंतरातून विनोदही निर्माण होतो. एपिडॉरसला ही सोय उपलब्ध नव्हती, कारण कूडियाट्टम्‌सारखी शतकानुशतके टिकलेली प्रयोगपरंपरा ग्रीसमध्ये नव्हती. तेथे अनेक शतकांचा खंड पडला होता. परंपरा अखंड असेल तर अनुवाद पात्राकडे सोपविता येतो. ती खंडित झाली असेल तर संपूर्ण प्रयोगालाच अनुवादकाचे काम करावे लागते.

७

या कामात स्थळाचाही वाटा आहे. एपिडॉरसच्या ध्वनिगुणांविषयी अनेक आख्यायिका आहेत. मध्यभागी नाणे टाकले तर शेवटच्या रांगेत ऐकू येते, असे मार्गदर्शक सांगतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चुनखडीच्या पायऱ्यांची रचना खालच्या कंप्रतेचे ध्वनी, म्हणजे वाऱ्याची व गर्दीची गुणगुण, दाबून टाकते, असे स्पष्टीकरण दिले गेले. २०१७ मध्ये डच संशोधकांनी केलेल्या विस्तृत मोजमापांतून मात्र आख्यायिका अतिशयोक्त असल्याचे दिसून आले. खालच्या आवाजातील बोलणे सर्वदूर पोहोचत नाही. नटाला आवाज फेकावाच लागतो. अलीकडे काही प्रयोगांत ध्वनिवर्धकांचा वापर होतो आणि त्यावरही वाद होतात.

स्थळाची खरी अट वेगळीच आहे. येथे पडदा नाही, आणि प्राचीन रंगपीठाच्या मागील भिंतीचे केवळ अवशेष असल्याने पाठीमागे झाडे व डोंगर दिसतात. वास्तू संरक्षित असल्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून तेथे काही उभारता येत नाही. दगडाला इजा होऊ नये म्हणून प्रेक्षकांनी उंच टाचांची पादत्राणे घालू नयेत असाही नियम आहे. वर्तुळाकार भूमी रिकामी ठेवता येत नाही आणि दोन-तीन नटांनी ती भरतही नाही. ती मूलतः वृंदाची जागा आहे. शोकांतिकेत बारा आणि पुढे पंधरा, सुखात्मिकेत चोवीस अशी वृंदाची प्राचीन संख्या होती. आधुनिक बंदिस्त नाट्यगृहात दिग्दर्शक वृंद गाळू शकतो किंवा एका पात्रावर आणू शकतो. एपिडॉरसला तसे करणे फार अवघड जाते. सामूहिक अस्तित्व म्हणजे काय, लोक एकत्र कसे बोलतात, कसे शोक करतात, या प्रश्नांचे उत्तर प्रत्येक दिग्दर्शकाला द्यावेच लागते. रोंदिरिस यांचे उत्तर एकस्वर शिस्तीचे होते. कून यांनी ते लोकविधी आणि जत्रांतून शोधले. स्थळ अशा रीतीने अनुवादकावर बंधन घालते आणि त्याच बंधनातून नवी शक्यता निर्माण करते.

याची कसोटी २०२० च्या उन्हाळ्यात लागली. महासाथीमुळे प्रेक्षकसंख्येवर कठोर मर्यादा आली. त्या वर्षीच्या २५ जुलै रोजी राष्ट्रीय रंगभूमीने सादर केलेला एस्किलसच्या 'पर्शियन्स'चा प्रयोग एपिडॉरसहून आंतरजालावर थेट प्रक्षेपित झाला. इसवी सनपूर्व ४७२ मध्ये प्रथम सादर झालेले हे नाटक पराभूत शत्रूच्या शोकाचे आहे. ते अंतर राखून बसलेल्या प्रेक्षकांनी आणि दूरदेशी पडद्यासमोर बसलेल्यांनी एकाच वेळी पाहिले. स्थळावर आधारलेल्या उत्सवाने स्थळाचाही अनुवाद स्वीकारला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

८

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. एपिडॉरसच्या उत्सवाची प्रतिष्ठा दगडांच्या प्राचीनतेत आहे, असे मानले तर ग्रीसमधील आणि अन्यत्र विखुरलेल्या इतर प्राचीन नाट्यगृहांनाही तीच प्रतिष्ठा लाभावयास हवी होती. ती मूळ संहितेच्या पावित्र्यात आहे, असे मानले तर नाटके मूळ प्राचीन भाषेतच व्हावयास हवी होती. म्हणजे मिस्त्रिओतिस यांचाच विजय व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात या उत्सवाला सामर्थ्य लाभले ते प्रत्येक उन्हाळ्यात, त्याच रंगस्थळी, त्याच नाटकांविषयी नव्याने निवाडा करण्याची सक्ती असल्यामुळे. आधीच्या उन्हाळ्यातील 'मेडिआ' प्रेक्षकांच्या स्मरणात असते, आणि नवी 'मेडिआ' तिच्याशी ताडून पाहिली जाते. अशा ताडून पाहण्यातून जी परंपरा घडते, तिलाच अभिजात हे विशेषण सार्थपणे लावता येईल.

या उत्सवापुढे दोन धोके सतत उभे आहेत. पहिला संग्रहालय होण्याचा : स्थळाच्या भारामुळे प्रत्येक नवा प्रयत्न अवमान वाटू लागण्याचा. दुसरा बाजारपेठ होण्याचा : उन्हाळी पर्यटनाच्या ओघात नामवंत नट आणि चांदणी रात्र एवढेच उरण्याचा. पहिल्यात वाद करण्यास बंदी असते. दुसऱ्यात वाद करण्याचे कारणच उरत नाही. आजवरच्या इतिहासात उत्सव या दोन्हींकडे अधूनमधून झुकला, परंतु त्याला पुन्हा वळणावर आणले ते प्रयोगांवर रागावणाऱ्या आणि तरीही पुढच्या उन्हाळ्यात परत येणाऱ्या प्रेक्षकाने.

आपल्यापुरता या इतिहासाचा अर्थ काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी भाषेची प्राचीनता, तिच्यातील ग्रंथसंपदा आणि तिची परंपरा यांचे पुरावे मांडावे लागले, आणि ते योग्यच होते. परंतु पुरावा आणि व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा एकदा मिळतो. अभिजातता मात्र पुन्हा पुन्हा कमवावी लागते. 'गाथासप्तशती', 'लीळाचरित्र' किंवा 'ज्ञानेश्वरी' यांच्या भाषेपासून आजचा मराठी वाचक किती दूर आला आहे, आणि ते अंतर त्याच्यासाठी कोण, कोणत्या अधिकाराने, किती वेळा ओलांडून दाखवितो, हा प्रश्न दर्जाने सुटलेला नाही. एपिडॉरसच्या अनुभवाने एवढे निश्चित दाखविले आहे की, जी संहिता अनुवादकांच्या हाती देण्यास समाज भितो ती हळूहळू केवळ नावाने उरते, आणि जिच्या अनुवादावरून समाज भांडतो ती त्याच्या बोलण्यात राहते.